सब जळला कशाने ते शोधून देणारे काका (बुधवार पेठ, पुणे)

कारच्या डिक्कीतला १२ इंची सब (सबवूफर, नुसता बेस वाजवणारा मोठा स्पीकर) आठ महिन्यांत दुसऱ्यांदा गेला तेव्हा डोकंच फिरलं राव. जिथे बसवून घेतला होता त्या दुकानदाराचं एकच पालुपद, पीस खराब निघाला, नवीन घ्या. पहिल्या वेळी घेतला पण मी. यावेळी मात्र सब खोलला, स्कूटीवर टाकला आणि तापकीर गल्लीजवळच्या एका बोळात स्पीकर रिपेअर करणारे काका आहेत त्यांच्याकडे नेला. दुकान कसलं, टपरीच, त्यात गणपती तोंडावर म्हणून डीजेवाल्यांचे १८ इंची स्पीकर पार रस्त्यापर्यंत, माझा नंबर लागायला दीड तास.

काकांनी आधी सबचा वास घेतला. खरंच. मग कोन (स्पीकरचा पुढचा हलणारा पडदा) दोन्ही हातांनी हळूच दाबून बघितला, खरखर लागत होती. मीटर लावला तर रीडिंगच नाही, ४ ओहमची कॉईल (कोनमागची तारेची गुंडाळी) धड असली तर साधारण साडेतीनच्या आसपास दाखवते. कधीकधी टर्मिनलपासून कोनला जाणारी वायर तेवढी तुटलेली असते म्हणून तीही तपासली, ती ठीक होती. मग सरळ कोन कापला आणि कॉईल माझ्या हातात ठेवली. "खाली आपटून गेली असती तर कडा चेपली असती. ही बघ, सगळीकडून सारखी काळी. भाजलीय. पीस खराब नव्हता, तू जाळलास."

मला पटेना. सब ३०० वॉट आरएमएसचा (म्हणजे सतत झेपणारी पॉवर), त्याला चालवणारा अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) २५० चा, लहान अ‍ॅम्प मोठ्या सबला जाळणार कसा? (खोक्यावर १२०० वॉट छापलंय ते सोडा.) काका म्हणाले, अ‍ॅम्पला झेपत नाही तेवढं मागितलं की सिग्नलची लाट वरून खालून कापली जाते, आणि ती पार चौकोनी झाली की तोच २५० चा अ‍ॅम्प ५०० पर्यंत ढकलतो, मग कॉईल तापणार नाय तर काय.

रविवारी सकाळी नदीपात्रात गाडी बघायला स्वतः आले, नवी कॉईल टाकलेला सब घेऊन. अ‍ॅम्पच्या आऊटपुटला डीसी (एकाच दिशेचा करंट, त्यानेही कॉईल भाजते) येतोय का बघितलं, नव्हता, म्हणजे अ‍ॅम्प निर्दोष. पण गेन (येणारा सिग्नल अ‍ॅम्पने किती वाढवायचा तो नॉब) फुल, बेस बूस्ट १२ डीबीवर (१२ डीबी म्हणजे १६ पट पॉवर मागणं, मला आत्ता कळतंय!) आणि अर्थची वायर रंग न खरवडताच गाडीच्या पत्र्यावर कसलेली, म्हणजे कॉन्टॅक्ट अर्धवट. बेस पडला की बॅटरीला पावणेचौदा व्होल्ट आणि अ‍ॅम्पला जेमतेम ११, त्यामुळे तो अजूनच लवकर कापायला लागायचा. दुकानदाराने गेनला व्हॉल्यूम समजून पिळून ठेवलेला, बाकी दिवे मी लावले.

अर्थ नीट केली, सब सोडवून ५० हर्ट्झचा टोन लावला, डेकचा (गाडीतल्या म्युझिक प्लेअरचा) व्हॉल्यूम ४० पैकी ३० वर, आणि मीटरवर साडेएकतीस व्होल्ट येईपर्यंतच गेन उघडला. २५० वॉट गुणिले ४ ओहम, त्याचं वर्गमूळ, झालं. बूस्ट शून्य.

सगळे मिळून १८०० घेतले. तक्रारी आहेतच, दोन दिवस सांगून पाच लावले, फोन उचलत नाहीत, बिल मागितलं तर वहीचं पान फाडून दिलं, आणि भाजलेल्या कॉईलला गॅरंटी नाही हे तोंडावर सांगतात. आवाजही आधीपेक्षा थोडा कमी वाटतो, खोटं कशाला बोलू, पण बेस आता फाटत नाही. धाकट्या भावाने दोनदा विचारून झालंय जरा वाढवू का म्हणून, तर बूस्टच्या नॉबवर काकांनीच चिकटपट्टी मारून दिलीय.