प्लगइन फुकट सोडावं की विकावं?

वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरला नवी सोय जोडणारा छोटा प्रोग्राम म्हणजे प्लगइन. रत्नागिरीत अशी प्लगइन बनवणारी चार-पाच जणांची कंपनी चालवताना हा वाद दर आंबा हंगामाआधी निघतोच.

ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं सॉफ्टवेअर, विकता येत नाही, हा गैरसमज आधी काढू. वर्डप्रेस जीपीएल या ओपन सोर्स परवान्याखाली आहे आणि त्यात पैसे घ्यायला मनाई नाही. मात्र विकत घेणारा तोच कोड दुसऱ्याला बिनदिक्कत देऊ शकतो. म्हणून विकायचं ते वर्षभराचे अपडेट आणि मदत.

फुकट प्लगइन वर्डप्रेसच्या अधिकृत डिरेक्टरीत, म्हणजे प्लगइनच्या यादीत, जातं. जाहिरातीचा खर्च वाचतो. मालवणचा होमस्टेवाला आणि परदेशातला हॉटेलवाला तेच उतरवून घेतात. चुका वापरणारेच दाखवतात, क्वचित दुरुस्तीही पाठवतात. पण मदत मागणाऱ्यांची रांग संपत नाही, आणि एक स्टार देऊन मोकळा होणाऱ्याने दमडीही मोजलेली नसते!

विकतच्यात गिऱ्हाइकं थोडी, पण हक्काची. हापूसच्या पेटी-डझनाचा हिशेब, पिनकोडनुसार डिलिव्हरी असली किचकट कामं तिथेच परवडतात. जीएसटी, परतावा, लायसन्स की (विकत घेतल्याची खात्री पटवणारा कोड) हे व्याप आलेच.

माझा कल: गाभा फुकट, किचकट ॲड-ऑन (गाभ्याला जोडायचा जादा भाग) विकत. पण डिरेक्टरीतल्या प्लगइनमध्ये एखादी सोय कुलूपबंद ठेवून पैसे मागायला नियमानेच बंदी आहे. ॲड-ऑन वेगळं प्लगइन म्हणून आपल्या साइटवरून द्यावं लागतं. सुरक्षेची दुरुस्ती मात्र दोन्हीकडे एकाच दिवशी गेली पाहिजे, पावसात वीज गेली तरी.