दांडिया बाजारातला बाइंडर आणि अण्णांची जपानची वही

बडोद्यात जुनी वही, पोथी, पुस्तक काहीही बाइंड करून घ्यायचं असेल तर दांडिया बाजारातल्या गल्लीत आत एक छोटं दुकान आहे तिथे जा, पाटी बाहेरून दिसत नाही, पण कुणालाही बाइंडिंगवाले काका विचारलं की सांगतात. मी गेल्या महिन्यात आमच्या अण्णांची म्हणजे आजोबांची वही दिली होती, ती परवा मिळाली आणि मी खरंच खूप खूश आहे.

अण्णा इतिहास शिकवायचे. सयाजीराव महाराज १९१० साली जपानला जाऊन आले होते, त्यावरून अण्णांना तिथल्या राज्यकारभाराचं वेड लागलं आणि त्यांनी फुलस्केप पानांवर एकेका मंत्रिमंडळाची टिपणं काढली. हाताने, शाईच्या पेनने, पार कडेपर्यंत लिहिलेलं. वहीचा दोरा कधीच तुटला होता, पानांचे कोपरे झडल्यामुळे नंबरही गेले. त्याआधी मी ती एका झेरॉक्सच्या दुकानात दिली होती, तिथे न बघता स्पायरलची भोकं पाडली आणि कात्सुरा नाव दिसेल ती सगळी पानं एकत्र लावून दिली. घरी येऊन उघडली तेव्हा रडूच आलं.

खरी अडचण इथेच होती. कात्सुरा तारो तीनदा पंतप्रधान झाले आणि मध्ये मध्ये दोनदा साइओंजी किन्मोची. कात्सुरा चोशू प्रांताकडचे लष्करातले जनरल, साइओंजी जुन्या दरबारी घराण्यातले आणि सेइयुकाई पक्षाचे नेते, आणि साधारण बारा वर्षं सत्ता या दोघांत आलटून पालटून फिरत राहिली. म्हणजे नुसतं नाव बघून पान लावलं की इतिहासच उलटा होतो.

काकांनी स्पायरल काढली, पानं टेबलावर पसरली आणि मला विचारलं, "बेन, आ माणस त्रण वखत केम आवे छे?" मी म्हटलं काका तारखा बघा. अण्णांचे आकडे त्यांना वाचता येत होते, त्यामुळे मग आम्ही दोघांनी मिळून कात्सुरा-साइओंजींचे पाच गठ्ठे केले आणि पुढच्या सरकारांचा सहावा. १९०१ ते जानेवारी १९०६ कात्सुरा, त्यात १९०२ चा इंग्लंडशी करार आणि रशियाशी झालेलं युद्ध. मग जुलै १९०८ पर्यंत साइओंजी. मग ऑगस्ट १९११ पर्यंत परत कात्सुरा, महाराज गेले ते याच काळात आणि कोरिया गिळला तोही १९१० मध्येच. मग परत साइओंजी, आणि डिसेंबर १९१२ मध्ये तिसऱ्यांदा कात्सुरा, ते मात्र जेमतेम दोन महिने टिकले, लोक रस्त्यावर आले आणि फेब्रुवारी १९१३ मध्ये जावं लागलं.

एक पान उरलं. त्यावर मथळा नाही, तारीख नाही, फक्त उएहारा नावाच्या सेनामंत्र्याने राजीनामा दिला आणि लष्कराने दुसरा माणूस दिला नाही एवढंच. काकांनी लष्कर शब्द ऐकून ते जनरलच्या म्हणजे कात्सुराच्या गठ्ठ्यात ठेवलं, मलाही आधी तेच बरोबर वाटलं. पण ते साइओंजींच्या दुसऱ्या मंत्रिमंडळाचं शेवटचं पान आहे. लष्कराला आणखी दोन डिव्हिजन हव्या होत्या, सरकारने पैसे नाहीत म्हणून नाही म्हटलं, आणि तेव्हा १९०० पासूनचा नियम असा होता की सेना आणि नौदलाचे मंत्री नोकरीत असलेले जनरल, ॲडमिरलच पाहिजेत, म्हणजे लष्कराने माणूस दिला नाही की सरकार पडलंच. अण्णा हे नेहमी सांगायचे की मंत्रिमंडळ पाडायला मतं लागत नव्हती, एक रिकामी खुर्ची पुरायची. पुढच्या यामामोतो सरकारने १९१३ मध्ये तो नियम सैल केला, ते पान बरोबर सहाव्या गठ्ठ्यावर होतं. त्याच्या खाली ओकुमा आणि तेराउची यांची सरकारं आणि १९१८ ला तांदळाच्या महागाईवरून झालेल्या दंगली, तिथे ही वही संपते.

क्रम पक्का होईपर्यंत काकांनी सुईला हात लावला नाही, गर्दी असूनही. मग सुट्या पानांना पातळ कागदाच्या पट्ट्या खळीने चिकटवून जोड्या केल्या, स्पायरलची भोकंही त्याच पट्टीखाली बुजवली आणि जुजबंदी शिलाई मारली, म्हणजे जोडपानांच्या घडीतून दोरा घेऊन. आडवी टोचून शिवली असती तर कडेची अक्षरं आत गेली असती. आता वही टेबलावर सपाट उघडी राहते, उएहाराचं पान उलटलं की समोर कात्सुराचं तिसरं मंत्रिमंडळ येतं, अगदी जिथे यायला हवं तिथे. पाठीला निळं कापड, पुठ्ठा जाड.

७८० रुपये घेतले, मला जास्त वाटले नाहीत. उशीर मात्र होतो, दहा दिवस म्हणाले होते आणि चोवीस लागले, फोनही पटकन उचलत नाहीत, तेव्हा लग्नाकार्यासाठी घाईत काही हवं असेल तर आधी स्पष्ट बोलून घ्या. दुपारी दीड ते चार बंद असतं. ऑनलाइन पेमेंट चालतं.

दुसरी वही तेराउचींनंतरचे पंतप्रधान हारा ताकाशी यांच्यापासून सुरू होते, त्यांना १९२१ मध्ये टोकियो स्टेशनवर भोसकलं तिथपर्यंतची पानं मी घरीच तारखेने लावली आहेत, सोमवारी नेऊन देणार.