सीएनसी प्रशिक्षणाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम: कारखानदाराचे परीक्षण

आयात होणाऱ्या सुट्या भागांवरचा कर वाढला की देशी कारखान्यांकडे चौकशा सुरू होतात आणि पहिल्या दोन-चार ऑर्डरी हातात पडताच लक्षात येते की यंत्र आहे, कच्चा मालही मिळतो, पण मागितलेल्या मापात काम करून देणारी माणसे पुरेशी नाहीत. आमच्या छोट्या यंत्रशाळेत हीच अडचण आल्यामुळे आम्ही काही कामगारांना सीएनसी (संगणकीय नियंत्रणाच्या यंत्रांवरील) टर्निंग, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून कापणे, आणि मिलिंग, म्हणजे अवजार फिरवून कापणे, यांच्या सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाला पाठवले. तो चालवणाऱ्या खासगी प्रशिक्षण केंद्राच्या माहितीपत्रकात असे म्हटले आहे की, आजवर परदेशातून येणारे भाग देशात बनवू पाहणाऱ्या कारखान्यांसाठी हा अभ्यासक्रम खास आखलेला आहे. हे परीक्षण त्या दाव्यापुरतेच आहे; केंद्राची इमारत, वसतिगृह किंवा जाहिरात यांच्याबद्दल येथे काही लिहिलेले नाही.

या अभ्यासक्रमाचा सर्वांत चांगला भाग म्हणजे सुरुवातीचे मापनाचे शिक्षण. पहिले काही आठवडे प्रशिक्षणार्थींना संगणकीय यंत्राला हात लावू दिला जात नाही. व्हर्नियर, मायक्रोमीटर, बोअर गेज, डायल आणि स्लिप गेज या मापनसाधनांवरच त्यांचा वेळ जातो, आणि काहींना हे कंटाळवाणे वाटले तरी निदेशक त्यात सवलत देत नाहीत. ड्रॉइंगवर २५ मिलिमीटरच्या छिद्रापुढे ‘एच७’ हे मापातील सूट सांगणारे चिन्ह लिहिले असेल, तर ते छिद्र २५.०००पेक्षा लहान आणि २५.०२१पेक्षा मोठे चालत नाही. हा एकवीस मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात) वाव किती थोडा असतो, हे फळ्यावर सांगून कळत नाही. त्यासाठी येथे एकच जॉब (यंत्रावर बनवलेला भाग) सर्व प्रशिक्षणार्थींकडून मोजून घेतात, प्रत्येकाचे वाचन लिहून ठेवतात आणि मग ही वाचने एकमेकांशी का जुळत नाहीत, यावर चर्चा घडवतात. मायक्रोमीटर रॅचेटने (दाब ठरावीक ठेवणाऱ्या टोकाच्या कळीने) न फिरवता थेट थिंबल आवळणे, जॉबच्या कडेवर राहिलेली बर (धातूची खरखरीत धार), आणि यंत्रावरून नुकताच उतरवलेला गरम जॉब ही कारणे त्यातून आपोआप पुढे येतात. मापनासाठी प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस मानले जाते, आणि शंभर मिलिमीटर लांबीचा पोलादी तुकडा त्याहून दहा अंशांनी गरम असेल तर त्याची लांबी साधारण अकरा मायक्रॉनने जास्त भरते. म्हणजे वरच्यासारख्या एकवीस मायक्रॉनच्या वावातील निम्म्याहून अधिक वाटा केवळ उष्णताच खाऊन टाकू शकते. अनेक वर्षे यंत्रावर उभे राहिलेल्या आमच्या एका टर्नरलाही ही गोष्ट आकड्यांनिशी प्रथमच समजली.

आयातीला पर्याय देणाऱ्या कारखान्याच्या दृष्टीने या शिक्षणाचे मोल फार मोठे आहे. आजवर बाहेरून भाग मागवणाऱ्या ग्राहकाला शंभरावा नग पहिल्या नगासारखाच असण्याची सवय झालेली असते. करामुळे किंमत चढली म्हणून तो आपल्याकडे वळतो खरा, पण त्याने मापातील सूट वाढवलेली नसते. पहिल्याच खेपेत दहा नग नाकारावे लागले तर कर भरूनही जुन्याच पुरवठादाराकडे जाणे त्याला परवडते. देशी आणि परदेशी मालाच्या किमतीतील अंतर कराने बदलते, पण नगानगातील अंतर कामगारालाच सांभाळावे लागते, आणि या केंद्राने मापनाला दिलेला वेळ नेमका येथे कामी येतो.

प्रत्यक्ष सीएनसीचा भाग मात्र त्या मानाने अपुरा आहे. प्रशिक्षणार्थींचा बराचसा वेळ संगणकावरील सिम्युलेटरवर जातो, तयार प्रोग्रॅम चालवून पाहण्यावर भर राहतो, आणि एका यंत्राभोवती इतकी मुले असतात की प्रत्येकाच्या वाट्याला पॅनेलसमोर उभे राहण्याचा वेळ अगदीच थोडा येतो. जॉब लावून बटण दाबणारा ऑपरेटर तयार करायचा असेल तर एवढे पुरते. आम्हाला हवा होता तो सेटर. ड्रॉइंग वाचून जॉब कसा पकडायचा ते ठरवणे, वर्क ऑफसेट आणि टूल ऑफसेट घेणे (जॉब आणि टूल यांची जागा यंत्राला आकड्यांत सांगणे), पहिला नग काढून मोजणे आणि त्यानुसार ऑफसेट दुरुस्त करणे ही सगळी कामे त्याला एकट्याने करता यायला हवीत. सेटिंगचे धडे पुस्तिकेत आहेत, पण त्यांचा सराव वरवरचा आहे. याला एक अपवाद नोंदवणे आवश्यक आहे. लेथवर (टर्निंगच्या यंत्रावर) पृष्ठगती, म्हणजे कापल्या जाणाऱ्या पृष्ठभागाचा वेग, स्थिर ठेवणारा जी९६ हा कोड वापरून फेसिंग (जॉबचे तोंड सपाट कापणे) करताना टूल केंद्राकडे जाईल तसे जॉब फिरवणाऱ्या स्पिंडलचे फेरे झपाट्याने वाढत जातात, म्हणून आधी फेऱ्यांची कमाल मर्यादा बांधून घेतलीच पाहिजे, हा धडा निदेशकांनी यंत्रावर आणि सुरक्षित अंतर ठेवून इतका नीट दाखवला की तो कोणी विसरेल असे वाटत नाही.

यंत्रावरचा सराव कमी का, याचे केंद्राने दिलेले उत्तर विचार करायला लावणारे आहे. कार्बाइड इन्सर्ट (टूलच्या टोकाला बसवायचे कापणारे तुकडे), यंत्राची सरक अचूक ठेवणारे बॉलस्क्रू व लिनिअर गाइड आणि कंट्रोलर यांतील बराच माल बाहेरून येतो आणि त्यावरही कर लागतो. शिकाऊ मुलाच्या हातून इन्सर्टची धार तुटणे अटळ असते, त्यामुळे खर्च वाचवण्यासाठी केंद्र बोथट झालेले इन्सर्ट सरावाला देते किंवा सरळ सिम्युलेटरवर बसवते. जगातील टंगस्टनचा बहुतांश पुरवठा चीनमधून होतो आणि टंगस्टनशिवाय हे कार्बाइड बनत नाही, तेव्हा केवळ कर लावल्याने ही वस्तू लगेच देशात तयार होऊ लागेल अशी स्थिती बहुतेक देशांत नाही. तयार मालाला संरक्षण देणारा कर आणि अवजारांवर लागणारा कर एकाच वेळी चढे ठेवले तर पहिल्याने आणलेली ऑर्डर दुसऱ्यामुळे महाग पडते. शिवाय त्याची झळ प्रशिक्षणालाही लागते, हे मात्र मला येथेच पाहायला मिळाले. अर्थात हे कारण मान्य करूनही तक्रार उरतेच, कारण बोथट धारेवर शिकलेल्या मुलाला चांगल्या धारेचा आवाज, तिची चिप (कापताना निघणारा कीस) आणि पृष्ठभागाची सफाई ओळखता येत नाही. शुल्क थोडे वाढवून का होईना, नवे इन्सर्ट द्यायला हवेत.

अभ्यासक्रमात उत्पादनखर्च आणि आयात कर यांवर काही व्याख्यानेही आहेत. कामगारांसाठी हा विषय ठेवला याचे कौतुक वाटते, पण मांडणी एकांगी आहे. उदाहरण म्हणून हार्ले-डेव्हिडसनची हकिकत सांगितली जाते. १९८३ साली अमेरिकेने मोठ्या आयात मोटरसायकलींवरचा कर ४.४ टक्क्यांवरून ४९.४ टक्क्यांवर नेला आणि तो पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरवण्याचे ठरवले. कंपनीने त्या अवधीत उत्पादनपद्धती सुधारली, यंत्रावरील कामगारांनाच सांख्यिकी पद्धतीने दर्जा तपासायला शिकवले आणि १९८७ मध्ये मुदतीआधीच कर काढून घेण्याची विनंती केली. ही हकिकत खरी आहे आणि शिकण्यासारखीही आहे. पण कर ७०० घनसेंटिमीटरच्या वरच्या इंजिनांना होता, म्हणून जपानी कंपन्यांनी त्याहून किंचित लहान इंजिने बाजारात आणली, हे व्याख्यानात येत नाही. त्याच देशाने २०१८ मध्ये आयात धुलाई यंत्रांवर कर लावल्यावर त्यांच्या जोडीने विकल्या जाणाऱ्या ड्रायरच्या किमतीही, त्यांच्यावर कर नसताना, वाढल्या, हेही येत नाही. कराची मुदत संपेपर्यंत कारखान्याने काय बदलले, हा प्रश्न कामगारासमोर ठेवायचा असेल तर दोन्ही उदाहरणे शेजारी शेजारी ठेवली पाहिजेत.

प्रमाणपत्राबाबतही एक उणीव आहे. परीक्षा केंद्राचेच निदेशक घेतात, त्यामुळे शिकवणारा आणि तपासणारा एकच राहतो. जर्मनीत यंत्रावर कापकाम करणाऱ्या कारागिराचे प्रशिक्षण साडेतीन वर्षे चालते, त्यातील मोठा भाग तो कारखान्यात पगारी शिकाऊ म्हणून घालवतो आणि उरलेला शाळेत. त्याची अंतिम परीक्षा उद्योग मंडळाने नेमलेली समिती घेते, जिच्यात मालक, कामगार आणि शिक्षक असे तिघांचेही प्रतिनिधी असतात. सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाकडून तेवढ्या खोलीची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे होईल, परंतु बाहेरचा परीक्षक बोलावणे आणि प्रशिक्षणार्थीने ड्रॉइंगपासून तयार केलेला एखादा नग त्याच्याकडून मोजून घेणे या केंद्रालाही सहज जमण्यासारखे आहे.

एकंदरीत, ज्या कारखान्यात आधीपासून जाणता सेटर आहे आणि परत आलेल्या कामगाराला निदान वर्षभर त्याच्या हाताखाली ठेवता येईल, त्यांनी हा अभ्यासक्रम जरूर घ्यावा. एकटा मापनाचा भागही शुल्क वसूल करून देतो. करवाढीमुळे आलेली ऑर्डर पुढच्या तिमाहीत पुरी करायची आहे आणि कारखान्यात शिकवणारे कोणी नाही, अशांचे काम यातून भागणार नाही. प्रवेश घेण्यापूर्वी केंद्राला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: एका यंत्रामागे किती प्रशिक्षणार्थी असतील, प्रत्येकाला स्वतः सेटिंग करण्याचे किती तास मिळतील आणि सरावाला इन्सर्ट नवे देणार की वापरलेले. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आम्हाला तोंडी मिळाली होती आणि प्रत्यक्षात ती खूपच कमी भरली.