मुंबईकरांची अंथरुणं आणि व्हॅक्यूम बॅगा, पावसाळाभर वापरून लिहितेय

कोकणातल्या घरात सगळ्यात जास्त जागा कोण खातं तर अंथरुणं. घरात राहणारी माणसं चार, पण गणपतीत आणि मे महिन्यात चाकरमानी आले की पंधरा-वीस जणांची झोपायची सोय लागते, म्हणून गाद्या, गोधड्या, रजया, ब्लँकेटं, उशा असा ढीग वर्षभर माजघराच्या कोपऱ्यात आणि वर एक जुनी साडी टाकलेली. आमच्या मालवणकडच्या घरात अगदी हेच होतं. त्या ढिगामुळे माजघर कायम भरलेलं वाटायचं, आणि जून-जुलैत तर आत पाऊल टाकलं की कुबट वास. म्हणून हातपंपासकट व्हॅक्यूम बॅगांचा, म्हणजे आतली हवा पंपाने व्हॉल्व्हमधून ओढून काढायच्या झिपवाल्या प्लास्टिक पिशव्यांचा सेट ऑनलाइन मागवला आणि पूर्ण पावसाळा काढल्यावरच लिहायचं ठरवलं होतं, कारण जाहिरातीतलं ते कोरडं बेडरूम वेगळं आणि वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस झेलणारं, जांभ्याच्या भिंतींचं कौलारू घर वेगळं.

आधी हे सांगते की सगळ्या अंथरुणांना या बॅगा चालत नाहीत आणि हे कुठल्याच पाकिटावर लिहिलेलं नसतं. फ्लीसची ब्लँकेटं, फायबरच्या रजया, मऊ उशा यांच्यात नुसती हवा असते, त्यामुळे पंप मारला की बघता बघता चपट्या होतात, ढीग निम्म्याहून खाली येतो, खरंच बघण्यासारखं आहे. पण जुन्या साड्यांची गोधडी? ती मुळातच थरावर थर टाकून टाके घातलेली, तिच्यात हवा कितीशी असणार, ती जेमतेम बोटभर बसते. कापसाच्या घट्ट गादीचं पण तेच. त्यांच्यासाठी पैसे घालवू नका. गाद्यांचा कापूस गोळे झाला असेल तर पिंजाऱ्याकडून पिंजून घ्या आणि त्यातल्या ज्या कोणी वापरतच नाही त्या काढून टाका. आमच्याकडे आधी हे केलं म्हणून बॅगा पुरल्या. फाटक्या चादरींची पायपुसणी झाली, दोन गाद्या ज्यांना लागत होत्या त्यांना दिल्या, ढीग तिथेच बराच उतरला. सासूबाईंना ते काही पटलं नव्हतं, "गो बाय, ह्यां सगळां काढतंस, माणसां इली तर काय घालतलंस?" पण गणपतीत सगळी आली, सगळी नीट झोपली, कुणाला काही कमी पडलं नाही.

आता ओलीचं. बॅगेत बंद करताना कपड्यात जेवढा दमटपणा असतो तेवढाच आत राहतो, तो बाहेर जायला जागाच नसते, म्हणजे जरा जरी सर्द रजई भरली तर आत बुरशी धरणार हे नक्की. त्यामुळे भरायची वेळ एकच, मे महिन्यातलं कडक ऊन. मृग लागायच्या आत, म्हणजे साधारण 7 जूनच्या आधी. अंगणात दोन्ही बाजूंनी चांगली उन्हं दाखवायची, मग घरात आणून पूर्ण थंड होऊ द्यायची आणि मगच बॅगेत. गरम गरम भरली तर आतली हवा थंड झाल्यावर प्लास्टिकला आतून घाम येऊ शकतो, हे जरूर लक्षात ठेवा. मी प्रत्येक बॅगेत सिलिका जेलची मोठी पुडी पण टाकली, नारिंगी मण्यांची, ओल शोषली की मणी हिरवट होतात म्हणजे बाहेरूनच कळतं. नंतर ओव्हनमध्ये 120 अंशांच्या आसपास तापवून तेच मणी परत वापरता येतात. कपाटात ठेवतात ते दुसरे ओल शोषणारे डबे असतात, कॅल्शियम क्लोराइडचे, त्यांच्यात खारट पाणी साठतं, ते सांडलं तर लोखंड गंजतं, म्हणून बॅगा ठेवायच्या पत्र्याच्या पेटीत ते नकोच.

आणि डांबरगोळ्या घातल्याच नाहीत. घरात तान्ह्या बाळाची अंथरुणं असतील तर तुम्ही पण घालू नका.

गणपतीच्या आधी बॅगा उघडल्या तेव्हा ब्लँकेटांना कसलाही वास नव्हता, बुरशीचा एक ठिपका नाही, कसर नाही. माझ्या दृष्टीने पैसे तिथेच वसूल झाले. सुरकुत्या पडतात पण रात्रभर दोरीवर टाकल्या की जातात. उशा मात्र पूर्वीसारख्या फुगल्या नाहीत, त्या पुढच्या वेळी बाहेरच ठेवणार.

तक्रार व्हॉल्व्हची. काही बॅगा महिन्याभरात हळूहळू फुगल्या, एकीची झिप कोपऱ्यात बसतच नव्हती आणि विकणाऱ्याने बदलून द्यायला चक्क नाही म्हटलं. आल्या आल्या रिकामी बॅग फुगवून पाण्यात धरून बघा, बुडबुडे आले तर परतीची मुदत संपायच्या आत पाठवून द्या. दुसरं म्हणजे उंदीर. पातळ प्लास्टिक त्यांच्या दातापुढे काहीच नाही, म्हणून माळ्यावर नुसत्या बॅगा ठेवायच्या नाहीत. आमच्या भरलेल्या बॅगा पत्र्याच्या जुन्या पेट्यांत गेल्या, पेट्या लाकडी पाटांवर ठेवल्या, आणि भिंतीपासून वीतभर लांब, कारण पावसाळ्यात जांभ्याची भिंत पाझरते आणि चिकटून ठेवलेलं सगळं ओलं होतं.

माजघराचा तो कोपरा आता मोकळा आहे. तिथे शोकेस ठेवूया, कॉर्नर टेबल ठेवूया असं घरात सगळ्यांनी सुचवलं, मी काहीच ठेवू दिलं नाही. लाल कोब्याची जमीन पहिल्यांदाच भिंतीपर्यंत दिसतेय, दुपारी खिडकीतला उजेड तिथवर पोचतो, जेवण झालं की सासूबाई आता तिथेच चटई टाकून आडव्या होतात. त्या खोलीत बसलं की बरं वाटतं, आणि त्यासाठी नवीन फर्निचर असं काहीच घ्यावं लागलं नाही.

पाचपैकी साडेतीन स्टार, दीड स्टार झिप आणि व्हॉल्व्हसाठी कापलाय. घेणार असाल तर जंबो साइज घेऊ नका, मीडियम घ्या. भरलेली जंबो एकट्या माणसाला उचलून पेटीत घालता येत नाही आणि एका पाहुण्यासाठी अख्खी उघडावी लागते.