फोंड्यात ‘एज ऑफ फँटसी’: नवे खेळाडू जमवताना आलेला अनुभव

वन पेज रूल्स या कंपनीचा ‘एज ऑफ फँटसी’ हा टेबलावर छोटे सैनिक मांडून खेळायचा युद्धखेळ आम्ही गेल्या दिवाळीनंतर गोव्यातल्या फोंड्यात सुरू केला. आता गणेश चवथ तोंडावर आली आहे. मधल्या काळात परीक्षा झाल्या, मे महिन्याची सुट्टी झाली, निम्मा पावसाळा सरला, आणि टेबल अजून भरतंय. मी शाळेत इतिहास शिकवते. त्यामुळे या खेळाकडे मी एकाच प्रश्नाने पाहते: ज्याने आयुष्यात मिनिएचर, म्हणजे असा छोटा सैनिक, हातात धरलेलं नाही त्याला हा खेळ बसवतो का, आणि पुढच्या रविवारी परत आणतो का? माझ्या मते आणतो, पण नियमांच्या बळावर नाही. नियम आडवे येत नाहीत, ते काम ते चोख करतात. माणूस थांबतो तो टेबलावर काय मांडलंय ते पाहून.

नियमांची माहिती आधी देते, कारण विकत घ्यायची तयारी ठेवून आलेल्यांना आश्चर्य वाटतं. मूळ नियम मोफत उतरवून घेता येतात. सैन्याच्या याद्या ‘आर्मी फोर्ज’ नावाच्या साधनात फोनवरच तयार होतात, तेही मोफत. सैनिक कुठल्याही कंपनीचे चालतात, कागदाचेही चालतात. नेहमीचे सहा बाजूंचे फासे आणि इंचाची टेप एवढ्यावर खेळ उभा राहतो. प्रत्येक तुकडीला दोनच मुख्य आकडे असतात, क्वालिटी आणि डिफेन्स. समजा दहा बंदुकवाले आहेत आणि त्यांची क्वालिटी 4+ आहे. दहा फासे टाकायचे, 4 किंवा जास्त आले ते नेम लागले. साधारण पाच लागतात. समोरच्याची डिफेन्स 4+ असेल तर तो पाच फासे टाकतो, त्यातले निम्मे वार अडतात, दोन-तीन सैनिक पडतात. बस. तक्ता नाही, गुणाकार नाही. सातवीतलं मूल दुसऱ्या फेरीत हे स्वतः करू लागतं, आणि तिसऱ्या फेरीत शेजारच्याला शिकवतं.

तुकडीची पाळी आली की चारांतलं एक काम करायचं. जागेवर थांबून गोळी झाडायची, सहा इंच पुढे जाऊन झाडायची, न झाडता बारा इंच धावायचं, किंवा बारा इंचांच्या आतल्या शत्रूवर तुटून पडायचं. हे चार पर्याय मी मराठीत एका कागदावर लिहून टेबलाच्या दोन्ही टोकांना चिकटवले आहेत. मूळ मजकूर इंग्रजी आहे, आणि पहिल्याच दिवशी कोणाला इंग्रजी पानं वाचायला लावणं मला पटत नाही. इथे कोकणीत बोलत आणि मराठीत वाचत वाढलेली मुलं आहेत. कागद त्यांच्या वाचनाच्या भाषेत असला की ती विचारायला लाजत नाहीत.

या नियमांतली मला सगळ्यांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे पाळीची पद्धत. एक तुकडी मी हलवायची, मग एक तू. वॉरहॅमर 40,000 या याच प्रकारच्या जुन्या युद्धखेळात एक खेळाडू आपलं अख्खं सैन्य हलवतो, झाडतो, लढवतो आणि मग दुसऱ्याची पाळी येते. तो खेळ 1987 पासून चालत आलाय, त्याच्या गोष्टी आणि बाहुल्या यांवर माझं मनापासून प्रेम आहे, आणि अनुभवी माणसाला त्या लांब पाळीत डावपेच आखायला वाव मिळतो. पण नवा माणूस पहिल्या दिवशी अर्धा तास नुसता बघत बसला, तर त्याचा हात आधी फोनकडे जातो आणि मग चपलांकडे. इथे दर दोन-तीन मिनिटांनी त्याच्याकडे काहीतरी करायला असतं. चार फेऱ्यांत डाव संपतो, हेही तितकंच महत्त्वाचं. पूर्ण झालेला डाव माणूस घरी जाऊन सांगतो. अर्धवट राहिलेला कोणी सांगत नाही.

आता टेबलाकडे येते, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

आम्ही वाचनालयाच्या मागच्या खोलीत खेळतो. तिथल्या टेबल टेनिसच्या टेबलाचा निम्मा भाग, म्हणजे साडेचार फूट बाय पाच फूट, छोट्या सैन्यांना पुरतो. ऑर्क आणि एल्फ ही कल्पित जगातली सैन्यं मांडली की व्हिडिओ गेम खेळणारी कॉलेजची मुलं ओळखायची आणि थांबायची. बाकीचे बघून पेपर वाचायला जायचे. मग त्याच नियमांवर आम्ही 1683 चा फोंड्याचा वेढा मांडला, आणि पेपर वाचणारे काका खुर्ची ओढून आले.

प्रसंग इथल्या प्रत्येकाला अर्धा तरी ठाऊक असतो. शिवाजी महाराजांनी फोंड्याचा किल्ला 1675 मध्ये घेतला. 1683 च्या पावसाळ्यानंतर पोर्तुगीज विजरई, म्हणजे व्हाइसरॉय, कोंद द आल्व्होर तो घ्यायला आला, तोफांनी तट फोडला, आत येसाजी कंकांसारखे लोक झुंजत राहिले. संभाजी महाराज मदतीला पोहोचले आणि विजरईला दुर्भाटकडे माघार घ्यावी लागली. टेबलावर हे मांडायला नियमांत फारसं काही बदलावं लागत नाही. मानवी सैन्याची यादी घ्यायची, जादूचे नियम बाजूला ठेवायचे. तोफेला या नियमांत जागेवरून हलता येत नाही, ती फक्त थांबून मारा करते, म्हणजे वेढ्याला अगदी योग्य. महाराजांच्या कुमकेसाठी ‘अँबुश’ हा तयार नियम आहे: तुकडी राखीव ठेवायची आणि दुसऱ्या फेरीपासून शत्रूपासून नऊ इंचांहून लांब कुठेही उतरवायची. कुमक कुठून येणार हे विजरईच्या बाजूने खेळणाऱ्याला माहीत नसतं, आणि तो पाठीमागे बघत बघत खेळतो. तो ताण मी वर्गात फळ्यावर कधीच उभा करू शकले नसते.

एक अडचण अपेक्षितच होती. पोर्तुगीज कोण होणार? सुरुवातीला कोणीही तयार नसायचं. तोफा त्या बाजूला आहेत म्हटल्यावर दोन मुलं पुढे आली, आणि आता नियम असा केलाय की डाव दोनदा खेळायचा आणि बाजू बदलायच्या. किल्ला जास्त फेऱ्या ज्याने राखला तो जिंकला. दुसरा प्रश्न एका पाचवीतल्या मुलाने विचारला, “टीचर, महाराज हरले तर?” मला तो प्रश्न फार खरा वाटला. म्हणून महाराजांची बाहुली आम्ही टेबलावर ठेवतच नाही. त्यांचं येणं आहे, त्यांची कुमक आहे, पण फाशांवर त्यांचं जाणं-राहणं ठरत नाही. ज्यांच्या घरी ही नावं आदराने घेतली जातात अशा मुलांना खेळात आणायचं, तर एवढी समज आपल्याकडे हवी. इतर गावांत असं काही करणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

दुसरा प्रसंग जुवे बेटाचा, म्हणजे आजच्या सांत इस्तेव्हचा. त्याच वर्षी नोव्हेंबरात मराठ्यांनी रात्री ओहोटीची वेळ साधून बेटावरचा किल्ला घेतला, आणि विजरई तो परत घ्यायला आला तेव्हा मार खाऊन परतला. यासाठी आम्ही भरतीचा नियम जोडला. टेबलाच्या एका कडेला निळं कापड पसरायचं आणि दर फेरीच्या शेवटी ते तीन इंच पुढे ओढायचं. कापडाखाली आलेली जमीन ‘अवघड जागा’ ठरते. मूळ नियमांनुसार अशा जागेतून एका वेळी सहा इंचांपेक्षा जास्त जाता येत नाही, म्हणजे बारा इंच धावणारी तुकडी निम्म्यावर येते. नदीकाठच्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. कापड पुढे सरकलं की ती आपणहून तुकड्या मागे घेतात, कारण चिखलात पाय कसा रुततो ते त्यांना माहीत असतं.

खेळायला न येणारी माणसंही याच टेबलाने आणली, आणि माझ्या दृष्टीने ही या महिन्यांची सगळ्यांत मोठी कमाई. दिवाळीच्या आदल्या रात्रीसाठी नरकासुर उभारणारी पोरं प्रत्येक वाड्यावर असतात. तारेचा सांगाडा, कागदाचे थर, रंग, हे सगळं त्यांच्या हातात मुरलेलं. नियम ऐकायला ती पाच मिनिटं बसली नसती. ‘किल्ला करायचाय, जांभ्याचा दिसला पाहिजे’ म्हटल्यावर दोन संध्याकाळी जागची उठली नाहीत. त्यांच्याकडून मी शिकले की थर्माकोलवर स्प्रेचा रंग लांबून हलकासा मारला तर त्यातलं द्रावण थर्माकोल खातं आणि बारीक भोकं पडतात, हुबेहूब चिऱ्यासारखी. हे उघड्या अंगणातच करायचं, वाफ नाकात जाता कामा नये. भोकं नको असतील तिथे आधी फेव्हिकॉलचा हात द्यायचा. किल्ला पूर्ण झाल्यावर तीच पोरं म्हणाली, आता आम्हीच राखतो. तिथून ती खेळाडू झाली.

गणपतीच्या चित्रशाळेत काम करणारे एक गृहस्थ तसेच आले. त्यांनी आजवर एकही डाव खेळलेला नाही. ते बसतात, सैनिकांचे चेहरे रंगवतात आणि मुलांना पातळ रंग खाचांत कसा सोडायचा ते दाखवतात. त्यांच्या भोवती बसलेल्या मुलींपैकी तिघी आता नियमित खेळतात, आणि त्यातली एक तोफा इतक्या शांतपणे मांडते की मोठ्यांना घाम फुटतो. जून लागला की हे गृहस्थ दिसत नाहीत, चवथीपर्यंत त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. म्हणून सांगते, गोव्यात असा गट सुरू करायचा तर दिवाळीनंतरचा आठवडा धरा. ऑगस्ट-सप्टेंबरात हात मोकळे नसतात, मार्चमध्ये परीक्षा असतात.

सैनिकांचा खर्च हा नव्या माणसाचा पहिला प्रश्न. आम्ही कागदाच्या सैनिकांपासून सुरुवात केली. जाड कागदावर छापायचे, पुढची-मागची बाजू चिकटवायची आणि खाली हार्डवेअरच्या दुकानातला वॉशर लावायचा. वॉशर हवाच, नाहीतर पंखा लावला की सैन्य झोपतं. इथल्या दमट हवेत कागद वाकतो, त्यावर उपाय म्हणजे दोन्ही बाजूंना पारदर्शक चिकटपट्टी आणि साठवायला घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या. थ्रीडी प्रिंट केलेले रेझिनचे सैनिक देखणे असतात, एका ओळखीच्यांकडून थोडे करून घेतले. पण न वाळलेलं रेझिन त्वचेला बाधतं. ते अल्कोहोलने धुऊन अतिनील प्रकाशात पक्कं झाल्याशिवाय मुलांच्या हाती देऊ नका. पावसाळ्यात प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पहिला हात, स्प्रेने मारू नका. दमट हवेत तो पांढुरका, खरखरीत बसतो आणि चेहऱ्यावरचं काम बुजतं. जून ते सप्टेंबर आम्ही ब्रशनेच प्रायमर लावतो.

आता जिथे हा खेळ कमी पडतो ते. सगळ्या सैन्यांना एकच सुटसुटीत चौकट असल्यामुळे बऱ्याच डावांनंतर तुकड्या एकमेकींसारख्या वाटू लागतात. घोडदळ वेगाने जातं, पण मराठी घोडदळाची हूल, माघारीचं सोंग, त्यासाठी नियम स्वतः घडवावे लागतात. यादीत खास क्षमता वाढवत गेलं की ‘एक पान’ फक्त नावात उरतं, आणि नव्या माणसाच्या हाती ती यादी पडली तर तो गोंधळतो. मी पहिल्या चार-पाच डावांपर्यंत प्रत्येक तुकडीला जास्तीत जास्त एकच खास क्षमता देते. तुकडी अर्ध्यावर आली की धीराची चाचणी द्यावी लागते, हा नियम मात्र पहिल्याच दिवशी ठेवावा. शेवटचा माणूस मरेपर्यंत लढायचं नसतं, लोक पळतात, हे त्यातून दिसतं, आणि हरणाऱ्याचाही डाव लवकर आणि सन्मानाने संपतो.

आमच्यातले दोघे आता वॉरहॅमरकडे वळले आहेत, एकाला संगणकावर ऐतिहासिक लढाया खेळायच्या आहेत. मला त्याचं वाईट वाटत नाही. ज्यांना खोल पाण्यात जायचंय त्यांनी जावं. ते दोघे अजूनही रविवारी येतात आणि नव्याच्या शेजारी बसतात, समोर नाही. हा आमचा एकमेव कडक नियम आहे: पहिल्या डावात नव्यासमोर नवाच बसवायचा, जुना फक्त फासे मोजायला मदत करतो आणि विचारल्याशिवाय चाल सुचवत नाही.

पहिल्या डावात दोन्ही बाजूंना तीन-तीन तुकड्या पुरतात, आणि जागा जिंकायच्या त्या तीन. तुकडी तीन इंचांच्या आत आणि शत्रू तेवढ्या अंतरात नाही, तर ती जागा तुमची. किल्ल्याची बाजू नेहमी लहान मुलाला द्या. त्याला आपली भिंत कुठे संपते ते दिसतं, काय राखायचं ते कळतं, आणि मग तो चार इंच इकडे की तिकडे यावर समोरच्याशी कळकळीने भांडू लागतो. टेप त्याच्याच हातात द्या.