घरात मालवणी की प्रमाण मराठी?

डोंबिवलीतल्या माझ्या मावसबहिणीचा मुलगा अडीच वर्षांचा. त्याच्याशी मालवणीत बोलावं की प्रमाण मराठीत, या पेचात ती आहे.

शाळेसाठी प्रमाण मराठी सोयीची, यात वाद नाही. पण ती तर शाळा, शेजार, टीव्ही शिकवतातच. मालवणीला पाठ्यपुस्तक नाही, घर हाच तिचा आधार. एका पिढीने सोडली की ती गेलीच.

नात्याच्या बाबतीत मला तुलनाच करवत नाही. मे महिन्यात कुडाळला तो आजीला म्हणाला, "माका पेज व्हयी." आजीने उकड्या तांदळाची पेज फुंकून फुंकून भरवली, आणि दिवसभर येईल त्याला ते वाक्य ऐकवत होती. 'शिवराक' म्हटलं की सणाचं बिनमाशांचं जेवण डोळ्यांपुढे येतं. 'शाकाहारी'ने ते येत नाही.

कष्ट मात्र मालवणीलाच जास्त. नवरा साताऱ्याचा, म्हणजे भार हिच्या एकटीवर.

आजी-आजोबा गावी असतील, सुट्टीत जाणं होत असेल, तर आईने मालवणीच बोलावी, बाबांनी आपली मराठी. आईबापच मालवणी अडखळत बोलत असतील, किंवा पोर इंग्रजी माध्यमात जाणार असेल आणि बोलायला घरात दुसरं कोणी नसेल, तर आधी प्रमाण मराठी पक्की करावी.