आमच्या एमजीबीच्या दोन नाकपुड्या

अण्णांचं कराडला गॅरेज होतं. तिथं यायच्या त्या अँबेसिडरचं १४८९ सीसीचं इंजिन आणि माझ्या १९६९ च्या एमजीबी जीटी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं १७९८ सीसीचं इंजिन, दोन्ही एकाच घराण्यातली: बीएमसी या ब्रिटिश मोटार कंपनीची बी सीरिज. म्हणून इंग्लंडमध्ये बक्स्टनला आल्यावर मी ही गाडी घेतली तेव्हा नवरा म्हणाला, "माहेरचं माणूस आणलंस घरात." खरंच आहे ते. रुसते पण तशीच.

गाडीला हवेत पेट्रोल मिसळणारे दोन कार्ब्युरेटर आहेत, एसयू कंपनीचे, एचएस४, दीड इंची. म्हणजे त्यांच्या तोंडावरचे हवेचे फिल्टरही दोन. सात वर्षांत तीन प्रकार वापरून झाले, त्यांचा हा हिशेब.

पहिले स्पंजाचे चपटे फिल्टर, आधीच्या मालकाने लावलेले. त्यांच्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. बोटाने दाबला तर चिक्कीच्या चुऱ्यासारखा स्पंज हातात आला. हा चुरा इंजिनच्या पोटात जात होता या विचाराने त्याच संध्याकाळी काढून टाकले. शिवाय एखाद्या थंड सकाळी कार्ब्युरेटर उलटा शिंकला, म्हणजे इंजिनातली ज्वाळा उलटी बाहेर आली, तर पेट्रोलने ओला झालेला स्पंज पेट घेऊ शकतो. ज्यांच्याकडे जुने असतील त्यांनी आजच बॉनेट उघडून बघा.

दुसरे कापडी जाळीचे, लाल तेल लावायचे, धुऊन पुन्हा वापरायचे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढची फजिती बरीचशी माझीच आहे. जोडीला शंभराच्या आसपास पौंड गेले. खोक्यावर ताकद वाढेल असं छापलेलं. लावले, गाडी काढली, आणि बक्स्टनजवळच्या कॅट अँड फिडलच्या घाटात तिने मान टाकली. आयडलिंग ठीक, पण पाय दाबला की दम लागल्यासारखी. पिकअपच नाही.

रात्री अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. वय ८१, एसयूचं त्यांना फारसं कौतुक नाही, पण ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "भोकाला भोक जुळतंय का बघितलंस?"

नव्हतं बघितलं. एसयूत वरच्या घंटेसारख्या भागात पिस्टन असतो. इंजिनच्या ओढीने त्याच्या वर पोकळी तयार होते, खालून बाहेरच्या हवेचा दाब लागतो, तो वर उचलला जातो आणि त्याच्याबरोबर निमुळती सुई जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या भोकातून, वर सरकते. खालची ती हवा येते कुठून, तर फिल्टर बसतो त्या तोंडावरच्या बारीक भोकांतून. माझं कागदी गॅस्केट, म्हणजे फिल्टर आणि कार्ब्युरेटरमधली पातळ चकती, उलटं बसलं होतं. बोल्ट दोन्ही बाजूंनी बरोबर बसतात, म्हणून चूक कळतही नाही. आत बारीक भोकांवर कागद चिकटलेला, अगदी डोळ्यावर पट्टी बांधावी तसा. गॅस्केट फिरवलं, गाडी लगेच माणसात आली.

मग लक्षात आलं की हवा-पेट्रोलचं मिश्रणही पातळ झालंय. या फिल्टरमधून हवा मोकळी येते, पेट्रोल तेवढंच. पिस्टन उचलायच्या पिनने एक मिलिमीटरपेक्षाही कमी उचलून बघायचं: इंजिन वेग घेऊन तसंच राहिलं तर मिश्रण जाड, किंचित वाढून पूर्ववत झालं तर बरोबर, बंद पडायला लागलं तर पातळ. माझं बंद पडत होतं. दोन्ही जेटचे नट थोडे खाली घेतले. मी भूलतज्ज्ञ असल्याने जुन्या स्टेथोस्कोपची नळी घरात होतीच. एक टोक कानात, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. दोन्हीकडचा फुस्स आवाज सारखा होईपर्यंत ऐकत बसायचं. त्या वेळी फिल्टर काढलेले असतात, हे सांगायला नको. नवरा विचारतो, पेशंट कसा आहे.

आवाजाबद्दल मात्र तक्रार नाही. चढावर दुसऱ्या गिअरला ही जाळी अशी घशातून गुरगुरते की माणूस मुद्दाम लांबच्या रस्त्याने घरी जातो. पण लेस्टरला नणंदेकडे जाताना मोटरवेवर दीड तास तेच ऐकलं की डोकं उठतं. ताकद वाढल्याचं कानाला वाटलं, घड्याळाला नाही. आणि धुणं! साबण, पाणी, डर्बीशरच्या उन्हात (म्हणजे रेडिएटरवर) वाळवणं, मग तेल. तेल जास्त झालं तर गळतं, कमी झालं तर धूळ आत. बक्स्टनच्या आसपास चुनखडीच्या खाणी आहेत, ट्रक धुरळा उडवत जातात. तो इंजिनात गेला तर पॉलिश पेपर झाला, सिलिंडर घासूनच निघायचे. अण्णा जीपच्या ऑइल बाथ फिल्टरमधला (तेलात धूळ पकडणाऱ्या) गाळ आम्हाला मुद्दाम दाखवायचे, "हे पिस्टनने खाल्लं असतं."

शेवटी मूळचे काळे पत्र्याचे डबे मिळवले, सोंडेसारखी नळी असलेले, आत कागदी फिल्टर. डबे जुन्या बाजारातून, पोचे पडलेले. ठोकून, रंगवून घेतले. आतले दोन कागद मिळून पंधरा पौंडांच्या आत. डबा बसवताना लांब बोल्ट, वॉशर आणि गॅस्केट एकाच हातात धरावं लागतं, आणि तिसरा हात असता तर बरं झालं असतं. पण मिश्रण पुन्हा पूर्वीच्या जागी आणलं, गाडी शांत झाली, आणि चढावर वेग तेवढाच. मूळ, न छेडलेल्या इंजिनासाठी मी हेच घ्या म्हणेन. कॅमशाफ्ट, हेड बदललेलं असेल तर कापडी जाळीचा विचार करा, पण सुई आणि मिश्रण तपासायची तयारी ठेवा.

कापडी जोडी शेडमध्ये बाकरवडीच्या रिकाम्या डब्यात ठेवलीय. विकायची म्हणते, पण जूनमध्ये एखाद्या रविवारी घाटासाठी पुन्हा चढवीन असं दिसतंय.